सातव्या घरची सही

जपानमधल्या माझ्या तिसऱ्या वर्षी मी आमच्या गल्लीतल्या बारा घरांची प्रमुख झाले. निवडणूक झाली नव्हती. लायकीही कोणी तपासली नव्हती. ते पद दर दोन वर्षांनी एक घर पुढे सरकतं आणि त्या एप्रिलमध्ये सरकत सरकत माझ्या दारात आलं, एवढंच. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत एकच काका अकरा वर्षं चेअरमन आहेत आणि अकरा वर्षं सगळे त्यांच्यावर नाराज आहेत. तिथल्या एकाही मीटिंगला मी कधी गेले नव्हते.

मी तिकडे यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात दुभाषी होते. गाव लहान. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला रेल्वेलाईन, मधे जेवढी जागा उरली तेवढ्यात वसलेलं. कंपनीने मला फ्लॅटऐवजी एक जुनं, बसकं, लाकडी घर भाड्याने घेऊन दिलं होतं. फ्लॅटमधल्या लोकांना कोणी प्रमुख करत नाही. घर असलं की माणूस गल्लीत मोजला जातो.

समोरच्या बाईंनी मला पदभार दिला. त्या साठीच्या, नीटनेटक्या, बोलताना नेहमी आपल्या जास्वंदीकडे बघणाऱ्या. पदभाराला तीन तास लागले. त्यात कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून टाकायची निळी जाळी होती, गटारसफाईच्या फावड्यांच्या खोलीची किल्ली होती आणि एक पॅड होतं. आपल्याकडे परीक्षेला पोरं नेतात तसलं चिमट्याचं पॅड. दर पंधरा दिवसांनी त्यात गावाच्या सूचना लावायच्या. ब्लडप्रेशरची तपासणी कधी आहे, गटारं कधी काढायची, कुणाचा पोपट उडालाय, डोंगराकडे रानडुक्कर दिसलंय. पहिल्या घराने वाचायचं, आपल्या चौकटीत शिक्का मारायचा किंवा सही करायची आणि स्वतः चालत जाऊन पुढच्या घरी द्यायचं. बाराव्या घराकडून ते प्रमुखाकडे परत. सगळ्यांकडे मोबाईल होते. तरी.

"सातव्या घराचं मनावर घेऊ नका," समोरच्या बाई म्हणाल्या. "सहावं घर परस्पर आठव्याला देतं. सातव्यांच्या पेटीत वेगळा कागद टाकायचा."

"का?"

"त्यांना तसं सोयीचं पडतं," असं त्या जास्वंदीला म्हणाल्या.

तीन वर्षांत मी एवढं शिकले होते की असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न विचारायचा नसतो. मी विचारला नाही.

त्याच महिन्यात पप्पा आले. आई जाऊन आठ महिने झाले होते. पप्पा विश्रांतवाडीच्या घरात एकटेच होते आणि फोनवर "कसे आहात?" विचारलं की "आहे," एवढंच सांगत होते. मी तीन महिन्यांचा व्हिसा काढला आणि त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी येताना बाजरीचं पीठ, कांदा-लसूण मसाला आणि हॉलच्या कोनाड्यातली बुद्धाची मूर्ती आणली होती. मी म्हटलं, "पप्पा, हा बौद्धांचाच देश आहे, इथे मूर्ती मिळते." ते म्हणाले, "ती त्यांची. ही आपली ओळखीची आहे."

पप्पा पालिकेत आवक-जावक विभागात होते. पस्तीस वर्षं. येणारा प्रत्येक कागद नोंदवायचा, जाणारा प्रत्येक कागद नोंदवायचा, आणि मधे तो कुठे बसलाय हे माहीत असायचं. ते मोठे साहेब नव्हते, पण त्यांच्या टेबलावरून कागद हरवला असं एकदाही झालं नाही, हे ते कुणी न विचारताही सांगत. रिटायर झाल्यावर ते घरी वर्तमानपत्रावर आल्याची वेळ लिहायला लागले होते.

पहिले चार दिवस ते खिडकीत बसले. पाचव्या दिवशी मी कारखान्यातून आले तेव्हा पॅड त्यांच्या मांडीवर होतं आणि चष्मा कपाळावर.

"ही फाईल कसली?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांनी जरा उजळला. मग त्यांनी मागच्या फेरीच्या सह्यांच्या कागदावर बोट ठेवलं.

"सातवी चौकट रिकामी आहे."

"त्यांना वेगळा कागद देतात."

"कोणी ठरवलं?"

"तशी पद्धत पडलीये."

"पद्धत नाही ही. फाईल अडली म्हणून बाजूनं रस्ता काढलाय." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "घर वगळता येत नाही."

"पप्पा, इथे अशा गोष्टींत पडत नाहीत."

"प्रमुख तू आहेस ना?"

ते पुढे म्हणाले, "गावाला लग्नाचं आवतण सगळ्या घरी जायचं. आमच्या वस्तीत यायचं ते पंगती उठल्यावर. तेही वेगळंच यायचं. देणारे म्हणायचे, त्यांना तसंच सोयीचं पडतं." हे त्यांनी रागाने सांगितलं नाही. एखाद्या कागदाची तारीख सांगावी तसं सांगितलं आणि भाकरी करायला उठले.

नव्या सूचना लावून पॅड फिरायला लागलं आणि पुढच्या रविवारी आम्ही ते सहाव्या घराकडून मागून घेतलं. सकाळी दहाला आम्ही दोघं सातव्या घरासमोर उभे होतो. मी घंटा वाजवली. बऱ्याच वेळाने दार चार बोटं उघडलं. आत एक उंच, वाकलेले म्हातारे आजोबा. मी वाकून, शक्य तेवढ्या मऊ जपानीत सांगितलं की मी नवीन प्रमुख आहे, हे माझे वडील आहेत आणि त्रासाबद्दल मला फार वाईट वाटतं.

"पेटीत टाका," आजोबा म्हणाले.

"काय म्हणतात?" पप्पा.

"पेटीत टाका म्हणतात."

"त्यांना सांग, सही लागेल."

मी आजोबांना सांगितलं की माझ्या वडिलांना आपली बाग फार आवडली. पप्पांना जपानी येत नव्हती, पण कामात कोणी लबाडी करतंय हे त्यांना कुठल्याही भाषेत कळायचं. त्यांनी माझ्या हातातून पॅड घेतलं, सातव्या चौकटीवर बोट ठेवलं, ते दोन्ही हातांनी पुढे केलं. मग एकदम शिष्टाचार आठवल्यासारखं पॅड काखेत धरून हात जोडले आणि म्हणाले, "नमो बुद्धाय."

आजोबांनी पहिल्यांदा नीट बघितलं. "नामु?" ते म्हणाले. त्यांच्याकडच्या प्रार्थनेतही तो शब्द तोच आहे. त्यांनी दार आणखी चार बोटं उघडलं, पॅड घेतलं आणि दार लावून घेतलं.

"झालं काम," पप्पा म्हणाले.

झालं नव्हतं. पॅड चार दिवस आत राहिलं. आठव्यापासून बाराव्यापर्यंत पाच घरं सूचनेविना बसली. कुणी तक्रार केली नाही. फक्त आठव्या घरच्या बाईंनी एके सकाळी माझ्या दारासमोरचा रस्ता झाडून दिला, आणि तिथे तक्रार अशीच येते. मी त्या पाच घरांना झेरॉक्स काढून दिल्या. पप्पांनी त्यावर "तात्पुरती व्यवस्था" असं मराठीत लिहायला लावलं. मी लिहिलं. कुणी वाचणार नव्हतं.

पाचव्या दिवशी मी कामावर असताना पप्पा एकटेच सातव्या घरी गेले. संध्याकाळी मी विचारलं, "पॅड आणलंत?"

"नाही."

"मग काय झालं?"

"चहा झाला. हिरवा होता, बिनसाखरेचा. प्यायलो."

"बोललात काय?"

"तो त्याचं बोलला, मी माझं बोललो. मधे कुणी अडवायला नव्हतं."

त्यानंतर ते रोज जाऊ लागले. हळूहळू मला थोडं थोडं कळत गेलं. आजोबांनी अडतीस वर्षं बस चालवली होती, गावातून डोंगरापलीकडे समुद्राकडे जाणारी. भिंतीवर त्यांनी हाताने काढलेला त्या मार्गाचा नकाशा होता. पप्पांनी तो आपल्या डायरीत देवनागरीत उतरवून घेतला आणि एका संध्याकाळी कांदा चिरता चिरता मला एकेचाळीस थांबे ओळीने म्हणून दाखवले. मी त्या गावात तीन वर्षं राहत होते. मला सहा माहीत होते.

पॅडचं मात्र काही होत नव्हतं. ते आजोबांच्या चपलांच्या कपाटावर ठेवलेलं असायचं आणि पप्पा रोज ते बघून परत यायचे. "घाई करायची नाही," ते म्हणायचे. "मागं लागलं की फाईल आणखी खाली जाते."

मग एका संध्याकाळी मी जाळी गोळा करायला बाहेर पडले तेव्हा समोरच्या बाई आल्या. त्यांनी पप्पांना सातव्या घरात जाताना बघितलं होतं. रोजच बघत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्हाला सांगायला हवं."

दोन वर्षांपूर्वी, मी या गल्लीत यायच्या आधी, त्या नुकत्या प्रमुख झाल्या होत्या. पॅड सातव्या घरी गेलं आणि त्याच रात्री आजोबांची बायको गेली. पॅडमध्ये बायकांच्या सहलीची सूचना होती, फुलं बघायला जायची. नावं देण्याची मुदत जवळ आलेली, पाच घरं थांबलेली. तिसऱ्या दिवशी समोरच्या बाई काळे कपडे घालून दुःख व्यक्त करायला गेल्या, आणि निघताना त्यांनी पॅड मागितलं. आजोबांनी ते आणून दिलं. त्यात बायकोचा शिक्का मारलेला होता. तिने मारून ठेवला होता, सहलीला येणार म्हणून. त्यानंतर आजोबांनी पॅड घेतलं नाही.

"मी सहलीच्या यादीतून त्यांच्या बायकोचं नाव खोडलं," बाई म्हणाल्या. या वेळी त्या जास्वंदीकडे बघत नव्हत्या. माझ्याकडेही नाही.

मी हे पप्पांना जेवताना सांगितलं. त्यांचा घास हातात राहिला.

"तिसऱ्या दिवशी मागायला गेल्या?"

"हो."

त्यांनी त्या बाईंना नावं ठेवावीत असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "मीपण फाईल मागितली असती. पाच घरं थांबली होती म्हणजे मागितलीच असती." आणि ताट अर्धवट ठेवून उठले.

मे महिन्यातल्या एका बुधवारी मी सहाला घरी आले तर दाराला कुलूप. पप्पांचा मोबाईल आत टेबलावर, काचेतून दिसत होता. सातव्या घराचंही दार बंद. घंटेला उत्तर नाही. समोरच्या बाई म्हणाल्या, सकाळी नऊला दोघं बसथांब्याकडे गेले. आजोबांनी टाय लावला होता. माझ्या वडिलांनी डोक्यावर काहीतरी घातलं होतं.

मी चौकीवर गेले. आत एक तरुण पोलीस होता, त्याने अतिशय काळजीपूर्वक फॉर्म काढला. उंची, वय, अंगावरचे कपडे.

"डोक्यावर काय आहे?"

मी माकडटोपी समजावली. लोकरीची, कान झाकणारी, फक्त तोंड उघडं.

"मे महिन्यात?"

"ते पुण्याचे आहेत," मी म्हटलं. त्याने तेही लिहून घेतलं.

"भाषा?"

"मराठी. इंग्लिश कामापुरतं. आणि एकेचाळीस बसथांब्यांची नावं."

तो हसला नाही. मीही नव्हते हसत. आई गेली त्या दिवशी मी इथेच होते. फोन आला तेव्हा कारखान्यात दोन इंजिनिअरांमधे उभी राहून बेअरिंगबद्दल काहीतरी भाषांतर करत होते आणि ते वाक्य मी पूर्ण केलं होतं. आता चौकीतल्या लोखंडी खुर्चीवर बसून मला वाटलं, याही वेळी मी बाजूलाच उभी असणार.

तेवढ्यात पोलिसाने काचेतून बाहेर बघितलं आणि फॉर्म खाली ठेवला. "ती टोपी," तो म्हणाला.

समोरच्या थांब्यावर बस लागली होती. आधी आजोबा उतरले, मग त्यांनी हात दिला आणि पप्पा उतरले. पप्पांच्या हातात गोड मिठाईचा खोका होता. मला बघून म्हणाले, "तू इथं काय करतेस?"

मी रस्त्यातच ओरडले. मराठीत, मोठ्याने, फोन का नेला नाही, चिठ्ठी का नाही ठेवली, मी काय समजायचं. आजोबा बाजूला मान खाली घालून उभे होते, सगळं आपल्यालाच चाललंय असं समजून. पप्पा शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "चिठ्ठी लिहिली होती. खिशात राहिली." त्यांनी ती खिशातून काढून माझ्या हातात दिली. तीत लिहिलं होतं: "बाहेर गेलो आहे. स. ९."

काय झालं ते त्यांनी घरी आल्यावर सांगितलं, पाय कोमट पाण्यात सोडून.

आदल्या दिवशी त्यांनी आजोबांना पाकिटातला आईचा फोटो दाखवला होता. आजोबांनी कपाटातून आपल्या बायकोचा काढून दाखवला. मग आजोबांनी दोन बोटं वर केली. दोन वर्षं. "मला एक पण दाखवता येईना, वर्ष व्हायचंय अजून. मग मी अर्धं बोट दाखवलं." आजोबांना कळलं. सकाळी ते टाय लावून दारात हजर.

डोंगर ओलांडायला दोन बस. दुसऱ्या बसचा ड्रायव्हर आजोबांच्या हाताखाली शिकलेला निघाला. तो थांब्यावर खाली उतरून त्यांच्यासमोर वाकला आणि बस चार मिनिटं उशिरा सुटली. त्यावर आजोबा त्याला रागावले. समुद्राच्या वर टेकडीवर एक विहार होता, त्याच्या मागे दगडांची रांग. बायकोच्या अस्थी तिथे होत्या. आजोबा दोन वर्षांत एकदाही गेले नव्हते. बादलीत पाणी आणून त्यांनी लांब दांड्याच्या डावाने दगडावर ओतलं. पप्पांनी शेवाळ घासलं. उदबत्ती लावली. मग आजोबा नुसते उभे राहिले.

"त्याला काही म्हणता येईना. वाट बघितली थोडी. मग मीच त्रिसरण-पंचशील म्हटलं. आपल्यासारखं, पूर्ण."

"मोठ्याने?"

"विहारात म्हणतो तसंच. तिथले भन्तेजी बाहेर आले बघायला. उभे राहिले, गेले." पप्पांनी एक पाय बाहेर काढून पुसला. "तिच्यासाठी म्हटलं. झाल्यावर वाटलं, म्हणतोच आहे तर. मग तुझ्या आईसाठी परत एकदा म्हटलं. तिथंच."

"आणि आजोबा?"

"त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी दुसरीकडे बघितलं. समुद्र होता समोर, बघायची सोय होती."

मी त्यांचा दुसरा पाय पुसायला टॉवेल घेतला तर म्हणाले, "राहू दे, मला येतं." आणि दिला पुढे.

दुसऱ्या दिवशी पॅड आमच्या दारात होतं. सातव्या चौकटीत लाल शिक्का होता. सूचना एव्हाना महिन्याभराच्या जुन्या होत्या आणि पोपट सापडल्याचं मी मधे ऐकलं होतं. पप्पांनी शिक्क्याकडे बराच वेळ बघितलं, मग म्हणाले, "आठव्या घरी पाठव." मी म्हटलं, "त्यांना झेरॉक्स मिळालीये." ते म्हणाले, "ती तात्पुरती होती." मी नेऊन दिलं. आठव्या घरच्या बाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि शिक्का शोधायला आत गेल्या.

जूनच्या पहिल्या रविवारी गटारसफाई होती. सकाळी आठला बारा घरांतून माणसं फावडी आणि गमबूट घेऊन बाहेर आली. पप्पांना गमबूट मोठे होत होते, त्यांनी आत वर्तमानपत्र कोंबलं होतं. मी प्रमुख म्हणून हजेरी घेत होते. सातव्या घराचं दार उघडलं आणि आजोबा फावडं घेऊन आले. सगळ्यांनी एकाच वेळी जागा करून दिली, एवढंच.

मी गाळाचं पोतं धरून उभी होते तेव्हा समोरच्या बाई त्यांच्यापाशी गेल्या. हातमोजे काढले आणि खूप खाली वाकल्या.

"त्या वेळी मी घाई केली."

आजोबा फावड्यावर टेकून उभे राहिले. "पाच घरं थांबली होती," ते म्हणाले.

"थांबली असती," बाई म्हणाल्या.

आजोबांनी मान हलवली. मग त्यांनी बाईंच्या पुढ्यातला गाळ उपसायला घेतला. पप्पांनी लांबून मला विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे दोघांचं," आणि गटारात परत वाकले.

जूनच्या शेवटी पप्पा पुण्याला परतले. मूर्ती परत नेली. आजोबा त्यांना सोडायला स्टेशनवर आले, टाय लावून. दोघं गाडी येईपर्यंत समोरच्या वेळापत्रकाकडे बघत उभे होते.

पुढच्या फेब्रुवारीत आजोबा पुण्यात आले. त्यांच्या विहाराची म्हाताऱ्या लोकांची सहल बोधगयेला निघाली होती. ती संपल्यावर बाकीचे परत गेले आणि आजोबा चार दिवसांसाठी इकडे. मी रजा टाकून आधीच येऊन थांबले होते. लोहगावला विमान उतरलं. पप्पा दीड तास आधीपासून तिथे उभे होते आणि आपण आत्ताच आलो असं सांगत होते.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आजोबांनी दारात बूट काढले, तोंड बाहेरच्या बाजूला करून जुळवून ठेवले. पप्पांच्या चपला तशाच जुळवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला उतरले तर तिन्ही मजल्यांवरच्या सगळ्या दारांपुढच्या चपला सरळ रेषेत, जिन्याकडे तोंड करून. खाली चेअरमनकाका उभे होते. "कोणी नोटीस लावली का?" त्यांनी मला विचारलं. "अकरा वर्षं सांगतोय."

संध्याकाळी वस्तीतल्या विहारात नेलं. बुद्धाच्या देशातून पाहुणे आलेत म्हणून गर्दी जमली, बायकांनी पांढऱ्या साड्या नेसल्या होत्या. पप्पांनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. आजोबांनी माझ्या कानात सांगितलं, "यांना सांग, मी काही फार धार्मिक नाही. आमच्या घरात बुद्ध मयतीला लागतो."

मी ते पप्पांना सांगितलं. पप्पांनी विचार केला. "मग बाकीच्या दिवशी काय लागतं, विचार."

"बस," आजोबा म्हणाले.

मग ते उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की त्यांनी अडतीस वर्षं बस चालवली आणि एकदाही अपघात झाला नाही. मी भाषांतर केलं. विहार टाळ्यांनी भरून गेला. मागून एक आजी म्हणाल्या, "हेच तर शील आहे." हे मी आजोबांना सांगितलं नाही. मला नीट सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी पप्पांना त्यांना शनिवारवाडा दाखवायचा होता. आजोबांना बस बघायची होती. पप्पांनी चौकशी करून लांबचा रस्ता काढला. विश्रांतवाडीहून येरवड्यावरून स्वारगेट, आणि तिथून बस बदलून धायरी. दुसऱ्या बसमध्ये आजोबांना ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट मिळाली. सिंहगड रोडला लागेपर्यंत ते ताठ बसून रस्ता बघत होते. त्यांचा उजवा पाय मात्र काम करत होता. रिक्षा आडवी आली की पाय दाबला जायचा. दोघं जण चुकीच्या बाजूने स्कूटरवर आले, पाय दाबला. म्हैस आली, पाय दाबलेलाच राहिला.

ड्रायव्हरने आरशातून दोन-तीनदा बघितलं. सिग्नलला मागे न वळता म्हणाला, "अहो काका, पाहुण्यांना सांगा, ब्रेक मी पण मारतोय."

"सवय आहे त्यांना," पप्पा म्हणाले. "ड्रायव्हर आहेत."

"कुठल्या डेपोचे?"

"जपान."

ड्रायव्हरने आता वळून बघितलं. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजले, तो म्हणाला, "वाजवा, उडून जातो," आणि गाडी काढली. त्यानंतर धायरीपर्यंत त्याने गाडी इतकी अलगद चालवली की एका बाईने कंडक्टरला विचारलं, "आज काय झालंय यांना?"

धायरीच्या शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. आजोबा खाली उतरून बसभोवती एक फेरी मारून आले. चारही बाजूंनी टायर बघितले, एकावर बुटाचं टोक टेकवलं. मग खिशातून घडी केलेला रुमाल काढून ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा पुसला. ड्रायव्हर हाताची घडी घालून बघत होता.

"बसायचंय का विचारा," तो पप्पांना म्हणाला.

मी विचारलं. आजोबांनी दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा चढले. सीटवर बसून पाठ सरळ केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. आरसा एका बोटाने जरासा हलवला. समोर एक पाणीपुरीची गाडी, वडाचं झाड आणि अर्धवट बांधलेली इमारत होती. ते त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले, मग समोर मान झुकवून काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणाले?" ड्रायव्हरने मला विचारलं.

"निघताना प्रवाशांना सांगतात ते. आता गाडी सुटतेय, सांभाळून धरा."

"आम्ही पण सांगतो," तो म्हणाला. "जरा वेगळ्या शब्दांत."

त्याने पलीकडच्या टपरीवरून चहा मागवला. तिघं पायरीवर बसले, मधे आजोबा. त्याने विचारलं, तिकडे सुट्टी किती मिळते. मी सांगितलं. आजोबांनी विचारलं, या गाडीला गिअर किती जड जातो. मीच सांगायला तोंड उघडलं, तर ड्रायव्हरने हाताने दाखवलं आणि आजोबांनी आपला हात त्याच चालीने फिरवून दाखवला. मग पप्पांनी डायरी काढून एकेचाळीस थांबे वाचायला घेतले आणि ड्रायव्हर आपले मोजू लागला, स्वारगेटपासून.

मी उठले आणि पेरू घ्यायला गेले. पेरूवाल्याला तिखट-मीठ लावून चार फोडी करायला सांगितल्या. परत आले तेव्हा आजोबांनी एक फोड उचलली आणि मला जपानीत विचारलं: बिया खायच्या असतात, की काढायच्या?